मणक्याची गादी सरकल्यावर पायाकडे लक्ष ठेवा

‘गादी सरकली’ म्हटले की ती कुणीतरी ढकलून परत जागेवर बसवायची, असे वाटते. प्रत्यक्षात काही सरकलेले नसते. दोन मणक्यांमधल्या चकतीला बाहेरून तंतूंचे कडे असते आणि आत मऊ गर. कडे फाटले की गर बाहेर येऊन पायाकडे जाणाऱ्या नसेवर दाब आणतो, तिथे सूजही येते. हा गर शरीर हळूहळू शोषून घेते. सुटून बाहेर पडलेला मोठा तुकडा तर बऱ्याचदा छोट्या फुगवट्यापेक्षा लवकर विरतो. एमआरआयच्या रिपोर्टातल्या मोठ्या शब्दांनी म्हणूनच खचू नये. कंबर कधीही न दुखलेल्या पुष्कळ माणसांच्या एमआरआयतही फुगवटे दिसतात.

उपचार ठरतो तो पायावरून. रोज सकाळी भिंतीला हात टेकवून टाचांवर दहा पावले चाला. दुखऱ्या पायाचे पाऊल वर उचललेले राहत नसेल, अंगठा वर ओढताना जोर लागत नसेल, तर बहुधा कंबरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यामधल्या चकतीने नस दाबली आहे. मग एका पायावर उभे राहून दहा वेळा टाच उचला. तिथे पाय लवकर दमत असेल आणि करंगळीच्या बाजूने बधिरपणा असेल, तर तिच्या खालची चकती. वेदना तितकीच असली तरी चालेल. ताकद मात्र कालच्यापेक्षा आज कमी वाटली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

लघवी अडकणे, लघवी-शौचाचे भान जाणे, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, दोन्ही पाय एकदम लुळे पडणे: यातले एकही दिसले तर रात्र काढू नका. १०८ला फोन करा आणि थेट बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय) गाठा. तिथे न्यूरोसर्जरी आहे. अशा वेळी उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो.

बाकीच्या बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत शस्त्रक्रियेविना बरे वाटते. अंथरुणात फार तर एक-दोन दिवस पडा. जास्त पडून राहिले की स्नायू सैल पडतात आणि उठणे आणखी जड जाते. झोपताना कुशीवर असाल तर गुडघ्यांमध्ये उशी, पाठीवर असाल तर गुडघ्यांखाली. दिवसातून चार-पाच वेळा पाच-दहा मिनिटे चाला, पण पणजीच्या मिरामार किनाऱ्यावरच्या वाळूत नको. किनारा उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो आणि कंबर वाकडी चालते. कांपालचा सपाट पदपथ बरा.

व्यायामात सुरुवात पालथे पडण्यापासून. दोन मिनिटे नुसते पडा, मग कोपरांवर छाती उचलून दोन मिनिटे. हे सोसले तर तळहात टेकवून छाती वर करा, कंबर सैल सोडा. असे दहा वेळा, दर दोन-तीन तासांनी. पोटरीतली कळ मांडीत, मांडीतली कंबरेत येऊ लागली तर कंबर जास्त दुखली तरी चालू ठेवा, ते चांगले लक्षण आहे. कळ पायात आणखी खाली उतरली तर तिथेच थांबा आणि फिजिओथेरपिस्टला दाखवा.

गोळ्यांपैकी सूज उतरवणाऱ्या जेवणानंतर आणि थोडेच दिवस. पित्ताचा, मूत्रपिंडाचा, रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. नसेसाठी दिल्या जाणाऱ्या प्रीगाबालिनने गुंगी येते, ती घेऊन स्कूटर चालवू नका. तसाही पावसाळ्यात खड्ड्यांतून स्कूटरचा प्रत्येक दणका थेट कंबरेत जातो. बसने जात असाल तर मागच्या चाकावरची सीट टाळा. आदोळीवर (विळीवर) बसून खोबरे खवणे आणि वाकून काजू वेचणे ही दोन कामे पहिले सहा आठवडे घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या. वाकून बसल्यावर चकतीवरचा दाब वाढतो आणि गर मागे, नसेच्या बाजूला ढकलला जातो.

तेलाने, शेकाने आखडलेले स्नायू सैल होतात, बरे वाटते. गर मात्र त्याने आत जात नाही. कटिबस्तीत, म्हणजे कंबरेवर कोमट तेल साठवून ठेवण्याच्या आयुर्वेदिक उपचारात, बधिर कातडीवर भाजल्याचे कळत नाही, म्हणून आधी हातावर ऊब तपासायला सांगा. पाठीवर पाय देणारा किंवा कंबर झटक्याने पिळणारा माणूस मात्र लांबच ठेवा.

कळ झोपू देत नसेल तर एक्स-रेच्या पडद्यावर पाहून नसेजवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात. त्याचा उपयोग काही आठवडे, फार तर काही महिने. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, रोज तपासा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तारीख ठरवण्याआधीच सांगा.

शस्त्रक्रियेविषयी २००७ साली नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची पायदुखी लवकर गेली, पण वर्षभराने दोन्ही गट सारखेच बरे होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांनी मात्र वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतलीच. म्हणजे ताकद टिकून असेल तर थांबणे सुरक्षित आहे, आणि कळ सोसवत नसेल तर शस्त्रक्रिया करणे हा पराभव नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दोन-तीन सेंटीमीटरच्या चिरेतून नसेवरचा तुकडा काढतात. त्याने पायदुखी जाते, कंबरदुखीची तितकी खात्री नसते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड असेल तर त्याची मुदत आधी तपासा.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवतात. घरी आल्यावर सलग वीस-तीस मिनिटांहून जास्त बसू नका, सहा आठवडे दोन-तीन किलोच्या वर उचलू नका. भरलेला गॅस सिलिंडर तीस किलोच्या आसपास असतो, तो आणणाऱ्याकडूनच आत लावून घ्या. त्याच जागी पुन्हा गर बाहेर येण्याचे प्रमाण शंभरात पाच ते दहा आहे, त्यामुळे टाच उचलून पाहणे नंतरही चालू ठेवा.