इंदूरची ब्रेन कॉन्फरन्स: जाणार असाल तर हे वाचून जा

मेंदू आणि मेंदूसारखे कंप्युटर यांच्यावरच्या या कॉन्फरन्सच्या ब्रोशरवर विश्वास ठेवू नका, हे पहिलं. त्यात 'शहरापासून जवळ' आणि 'बायोलॉजी येत नसली तरी चालेल' असं छापलं होतं, दोन्ही थापा. कॅम्पस पार शहराबाहेर. स्टेशनवर रिक्षावाल्याने पाठीवरची पोस्टरची नळी बघितली आणि सरळ सातशे सांगितले, अ‍ॅपवर चारशेच्या आत दाखवत होतं पण पहाटे एक कॅब येईल तर शपथ. नळीवाले अजून दोघं-तिघं उतरलेले असतात, त्यांना गाठा आणि एकच गाडी करा. किंवा पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून बॅगेत जातं.

पहिला दिवस ठीक. हॉपफिल्ड नेटवर्कवर (अर्धवट खुणेवरून पूर्ण आठवण काढणारं कृत्रिम न्यूरॉनचं जाळं) भाषण होतं, 2024 ला हॉपफिल्डला फिजिक्सचं नोबेल मिळाल्यापासून सगळेच त्याच्यावर बोलतात. पुढे.

खरा घाट म्हणजे दुपारचं ट्युटोरियल. नाव 'न्यूरॉनची ओळख', आणि माणसाने बसल्या बसल्या फळ्यावर हॉजकिन-हक्सली काढलं, न्यूरॉनमध्ये विजेचा झटका कसा उठतो त्याची 1952 ची समीकरणं, स्क्विडच्या जाड अ‍ॅक्सॉनवर (न्यूरॉनची लांब तार) प्रयोग करून बसवलेली, सोडियमचा करंट, पोटॅशियमचा करंट, वर एम, एन, एच ही गेटं, म्हणजे त्या करंटच्या वाटा किती उघड्या ते सांगणारे आकडे. माझ्या रांगेतल्या कंप्युटरवाल्यांनी मोबाईल काढले. मग पारडं फिरलं. स्पायकिंग नेटवर्क, म्हणजे खऱ्या न्यूरॉनसारखं स्पाइकने (विजेच्या झटक्याने) बोलणारं जाळं, ट्रेन कसं करायचं, तर स्पाइक ही एकदम उडी, तिचा डेरिव्हेटिव्ह जवळपास सगळीकडे शून्य, त्यामुळे बॅकप्रॉप करताना (चूक मागे नेत वजनं, म्हणजे जोडण्यांची ताकद, सुधारताना) त्या जागी गुळगुळीत खोटा उतार धरायचा, सरोगेट ग्रेडियंट म्हणतात त्याला, यावर बायोलॉजीवाल्या मॅडम भडकल्या की मेंदूत हे कुठे होतं! बरोबरच आहे त्यांचं, पण दुसरा सोपा उपाय त्यांच्याकडेही नव्हता. हे सगळं सहापर्यंत, मध्ये चहासुद्धा नाही, आणि एसी इतका की स्वेटर न्याच.

म्हणून जायच्या आधी लीकी इंटिग्रेट-अँड-फायर हे न्यूरॉनचं साधं मॉडेल तेवढं पक्कं करा: चार्ज साठतो, थोडा गळत राहतो, थ्रेशोल्ड गाठला की स्पाइक, मग रिसेट. पायथॉनमध्ये वीसेक ओळींचं काम आहे. तेवढ्यावर निम्मी भाषणं कळतात.

हार्डवेअरच्या, म्हणजे मेंदूसारख्या चिपच्या, सेशनला 'मेंदू 20 वॅटवर चालतो' ही स्लाइड आली की खुशाल चहाला जा, परत येईपर्यंत तीच चालू असते. आयबीएमच्या ट्रूनॉर्थचा आकडाही ऐकवतील, 2014 ची चिप, दहा लाख न्यूरॉन, साधारण 70 मिलिवॅट. आकडा खरा आहे, पण ती चिप स्वतः काही शिकत नव्हती, ट्रेनिंग बाहेर करून वजनं आत भरायची, हे कोणी सांगत नाही. प्रत्येकाला एकच विचारा: होस्ट कंप्युटर, मेमरी आणि डेटाचे स्पाइक करण्याचा खर्च यात धरलाय का? एकाने टेबल उघडून दाखवलं, बाकीचे म्हणे 'नंतर बोलू'. टेबलवाल्याचाच पेपर वाचा.

राहायला मी रामबागेत मावशीकडे होतो. ती रोज म्हणायची, "अरे पोहे खाऊन जा, तिथे काय ठेवलंय!" खरंय, जिरावण मसाला आणि शेव घातलेले ते पोहे पोटात असले की कॅम्पसवरचं जेवण टाळता येतं. शेवटच्या रात्रीच्या डिनरचं कूपन वेगळं, बाराशे रुपये, आणि पनीर दुपारचंच. अजिबात घेऊ नका. सोनारांची दुकानं बंद झाली की सराफ्यात जा, भुट्ट्याचा कीस खा, थंडीत गेलात तर गराडू (तळलेला कंद) पण, आणि पोटभर खाऊनसुद्धा कूपनच्या बाराशेतले नऊशे उरतात.