जखम आटोक्यात होती

दोन फेऱ्यांच्या मध्ये बॉक्सरला एक मिनिट मिळतं. तो कोपऱ्यात येऊन स्टुलावर बसेपर्यंतचे काही सेकंद आणि शिट्टी वाजल्यावर आम्ही दोरांबाहेर पडेपर्यंतचे काही सेकंद सोडले, तर माझ्या वाट्याला चाळीसेक सेकंद उरतात. मी कटमॅन आहे. लढतीत चेहरा फुटला की रक्त थांबवायचं, सूज दाबून धरायची, नाक वाहत असेल तर ते बंद करायचं. टाके घालणं माझ्याकडे नाही, ते नंतर डॉक्टर घालतात. पुढची तीन मिनिटं बॉक्सरला दोन्ही डोळ्यांनी दिसलं पाहिजे, एवढं मी बघतो.

या धंद्यात बहुतेकांना मोठ्या वजनाचे बॉक्सर हवे असतात. आमचं मानधन टक्क्यांवर ठरतं, दोन किंवा तीन टक्के, आणि फ्लायवेटला, म्हणजे सगळ्यात हलक्या वजनगटांपैकी एका गटातल्या बॉक्सरला, मुळातच इतकं कमी मिळतं की त्यातून आमच्या हाती फारसं काही लागत नाही. तरी मी फ्लायवेटच्या कोपऱ्यात उभा राहत आलो, कारण मला तो खेळ सगळ्यात जास्त आवडतो. 112 पौंडांची मर्यादा, म्हणजे 50.80 किलो. एवढ्याशा देहाची ती माणसं बाराव्या फेरीतही पहिल्या फेरीच्या वेगाने हात चालवतात. लोक म्हणतात, यांच्या ठोशात वजन नसतं, यांना काय लागणार? हातमोजे त्यांचेही आठ औंसांचेच असतात, त्यांच्याहून बरेच जड असलेले वेल्टरवेटवाले घालतात तेच. शिवाय हेवीवेटला एक ठोसा बसला की बऱ्याचदा तिथेच लढत संपते. फ्लायवेट पडत नाही, उभा राहतो आणि खात राहतो. मला त्यांची काळजी वाटते ती याच कारणाने.

ज्या पोराबद्दल सांगतोय तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. फ्लायवेटमध्ये अठ्ठावीस म्हणजे घाई करायचं वय, कारण सगळा खेळ पायांवर आणि पाय आधी साथ सोडतात. चार फेऱ्यांच्या लढतींपासून सुरुवात करून तो सहा, आठ, दहा असा वर चढत आला होता. चार आठवड्यांच्या निरोपावर परक्या रिंगमध्ये, परक्या प्रेक्षकांपुढे जाऊन लढला होता, आणि स्पष्ट जिंकलेली एक लढत गुणांवर हरून परतलाही होता. आता समोर बारा फेऱ्यांची लढत होती आणि जिंकणाऱ्याला जागतिक किताबासाठी आव्हान देण्याचा हक्क मिळणार होता. त्याच्या कोचने मला फोनवर फक्त एवढंच सांगितलं, "ही गेली तर पुन्हा कोणी बोलावणार नाही."

वजनाचा दिवस मी नेहमी डोळ्यांनी बघून घेतो. वजन लढतीच्या आदल्या दिवशी होतं. पूर्वी ते त्याच दिवशी व्हायचं, 1980च्या दशकात नियम बदलत गेले. सावरायला रात्र मिळावी हा त्यामागचा हेतू चांगला होता, पण रात्र मिळते म्हटल्यावर पोरं आणखी जास्त वजन तोडायला लागली. हा एरवी अठ्ठावन्न किलोच्या आसपास असायचा. शेवटच्या दोन दिवसांत त्याने नुसतं पाणी काढलं होतं, घामाच्या सूटमध्ये दोरीवरच्या उड्या मारून आणि तोंडात च्युइंगम धरून थुंकून. काट्यावर चढला तेव्हा ओठांना पांढरी साल आली होती. 112ला पाव पौंड कमी भरला. कोचने हुश्श केलं. ती भीती खरी असते. बेनी लिंच हा स्कॉटलंडचा जगज्जेता फ्लायवेट, 1938 साली त्याने किताब रिंगमध्ये नाही, काट्यावर गमावला. वजन मर्यादेपेक्षा सहा पौंडांहून जास्त भरलं होतं.

रात्रीतून प्यायलेलं पाणी रक्तात परत येतं, पण मेंदूभोवतीचं पाणी पूर्ववत व्हायला जास्त वेळ लागतो, असं डॉक्टर सांगतात. आम्हा कोपऱ्यातल्या लोकांची आणखी एक समजूत आहे, की सुकवलेली कातडी लवकर फाटते. म्हणून मी त्याच्या भुवयांवर आणि गालफडांवर व्हॅसलीन नेहमीपेक्षा सावकाश, नीट जिरवलं.

पहिल्या दोन फेऱ्या त्याच्या होत्या. तिसऱ्या फेरीत दोघं एकदम आत शिरले आणि डोक्यावर डोकं आदळलं. डाव्या भुवईच्या बाहेरच्या टोकाला फाटलं. रेफ्रीने लगेच वेळ थांबवून पंचांना खूण केली, की ही जखम ठोशाची नाही, चुकून डोकं लागल्याची आहे. ही खूण फार मोलाची असते. जखम ठोशाने झाली आणि त्यापायी लढत थांबली, तर ज्याला लागलं तो हरतो. डोकं चुकून लागल्याने झाली असेल, तर चार फेऱ्या पूर्ण होण्याआधी थांबलेल्या लढतीचा निकालच लागत नाही. चार पूर्ण झाल्या असतील तर तोवरचे गुण मोजले जातात आणि पुढे असलेला जिंकतो.

त्यामुळे तिसरी संपताच कोच माझ्या कानात म्हणाला, "चौथी काढून दे."

जखम कुठे आहे यावर सगळं असतं. पापणीवर असली, किंवा डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याशी असली, तर मी स्वतःच डॉक्टरांकडे बघतो. ही हाडावर होती, दाबायला खाली आधार होता. आधी स्वच्छ टॉवेलने पुसून घेतलं, नाहीतर औषध वरच्या रक्तातच वाहून जातं. मग एकास हजार प्रमाणातल्या ॲड्रेनालिनमध्ये बुडवलेली कापसाची काडी थेट जखमेच्या आत. काडी फिरवायची नाही, हलवायची नाही, फक्त दाबून धरायची. तिने आतल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात. दुसऱ्या हाताने त्याचं डोकं मागून धरलेलं होतं, कारण कोच समोरून बोलत होता आणि पोरगा त्याच्याकडे वळायला बघत होता. शिट्टीच्या आधी काडी काढली आणि जखमेत व्हॅसलीन भरलं. चौथ्या फेरीत एक बारीक धार आली. पाचवीत तीही थांबली. खरं सांगतो, इतकी स्वच्छ बंद झालेली जखम माझ्या हातून फार थोड्या वेळा झाली आहे.

आता आमच्याकडे हिशेबाने सगळं होतं. चार फेऱ्या पूर्ण, गुणांत पुढे, जखम काबूत.

सहाव्या फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात त्याला कानशिलाच्या जरा वर एक उजवा बसला. गुडघेही वाकले नाहीत. त्याने उलट तीन-चार ठोसे मारले, घंटा झाली आणि तो नीट चालत आपल्या कोपऱ्यात आला. लांबून बघणाऱ्या कोणालाही काही वावगं दिसलं नसतं.

तो बसला, मी जखमेवर बोट ठेवलं. त्याने विचारलं, "दादा, कितवी झाली?"

"सहावी."

कोच त्याला डावीकडे सरकायला सांगत होता. तो मान हलवत होता, पण कोच बोलायचा थांबल्यावरही मान हलतच राहिली. पाण्याची बाटली तोंडाला लावली तर पाणी ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून बाहेर आलं. मी बाहुल्या बघितल्या, पण त्याच्या डाव्या डोळ्याच्या बाहुलीवर मला भरवसा ठेवता येत नव्हता. ॲड्रेनालिनचा थेंब डोळ्यात उतरला तर बाहुली मोठी होऊ शकते. तेवढ्यात त्याने पुन्हा विचारलं, त्याच आवाजात, "दादा, कितवी झाली?"

कोचनेही ते ऐकलं. आमची नजरानजर झाली. त्या माणसाला त्या पोराची माझ्याहून जास्त माया होती, दहा वर्षं त्याने त्याला घडवलं होतं. त्यालाही लढत थांबवायचीच होती. तो एकच शब्द बोलला, "उघड."

मला अर्थ कळला. व्हॅसलीन पुसायचं, जखमेच्या कडा जरा ताणायच्या, रक्त डोळ्यात येऊ द्यायचं. जखम बघायला डॉक्टर वर येतच होते. त्यांनी लढत थांबवली असती, थांबवण्याचं कारण म्हणून डोक्याची धडक नोंदली गेली असती, गुण मोजले गेले असते, आणि आम्ही जिंकलो असतो. पोरगाही वाचला आणि किताबाची संधीही वाचली. कोणाला शंका आली नसती. असं होतं, मी बघितलं आहे.

पण जखमेमुळे थांबलेल्या लढतीनंतर काय होतं, तेही मी बघितलं आहे. रेफ्री हात वर करतो, मित्र खांद्यावर घेतात, फोटो निघतात. मग ड्रेसिंग रूममध्ये चार टाके पडतात, काही आठवडे लढायची मनाई होते, आणि माणूस गाडीत बसून हॉटेलवर जाऊन झोपतो. सगळे जण त्याची भुवई बघत असतात. डोकं कोणी बघत नाही. दक्षिण कोरियाचा चोई यो-साम 2007च्या नाताळात सेऊलमध्ये फ्लायवेटची लढत जिंकला. शेवटच्या फेरीत खाली पडला होता, उठला, गुणांवर विजयी ठरला आणि त्यानंतर कोसळला. शस्त्रक्रिया झाली, पण तो शुद्धीवर आला नाही. जानेवारीत त्याच्या घरच्यांनी त्याचे अवयव दान केले. जिंकलेल्या माणसाच्या डोक्यातही रक्तस्राव होतो, आणि विजयाच्या गडबडीत वेळ जातो. अशा वेळी मिनिटांना किंमत असते.

डॉक्टर दोरांपाशी आले. मी जखमेवरचा हात काढला आणि म्हणालो, "डॉक्टर, जखम आटोक्यात आहे. डोकं बघा. एकच गोष्ट दोनदा विचारतोय."

कोचने माझ्याकडे बघितलं, मग डोळे मिटले आणि मान हलवली. त्याने विरोध केला असता तरी मी बोललोच असतो, पण त्याने केला नाही. डॉक्टरांनी पोराला विचारलं, कुठे आहेस, समोर कोण आहे. प्रतिस्पर्ध्याचं नाव त्याला सांगता आलं नाही. आधीच्या लढतीतल्या माणसाचं नाव सांगितलं. रेफ्रीने हात हलवले. नोंद झाली ती अशी, की सहाव्या फेरीनंतर लढण्यास असमर्थ, पराभूत.

तो स्टुलावरून उठून ओरडत होता. "मी जिंकतोय! मी जिंकतोय!" त्याचं म्हणणं खरं होतं. नंतर कळलं, तीनपैकी दोन पंचांच्या कागदावर तो पुढे होता.

रिंगजवळ रुग्णवाहिका उभी होतीच. सीटी स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदूच्या मधल्या जागेत रक्ताचा पातळ थर दिसला. शस्त्रक्रिया करावी लागली नाही. अतिदक्षता विभागात ठेवलं, काही तासांनी पुन्हा स्कॅन केला, थर वाढला नव्हता. पुढच्या स्कॅनमध्ये तो विरघळत गेलेला दिसला. न्यूरोसर्जन आम्हाला म्हणाले, हा आणखी सहा फेऱ्या खेळला असता किंवा रात्री एकटाच खोलीत झोपला असता, तर काय झालं असतं ते सांगता येत नाही. डोक्यात एकदा रक्तस्राव झालेल्या माणसाला पुन्हा लढायचा परवाना सहसा मिळत नाही. त्याची कारकीर्द त्या स्टुलावर संपली, आणि ती संपवणारं वाक्य माझं होतं.

तो बरा आहे. बोलणं, चालणं, आठवण सगळं शाबूत आहे. लग्न झालं, मुलगी झाली. पण तो माझ्याशी सहमत नाही. त्याला वाटतं, मी जखम उघडली असती तर लढत तेव्हाच थांबली असती, तो जिंकला असता, आणि डोकं दुखायला लागल्यावर आपणच दवाखान्यात गेलो असतो. एकदा समोरासमोर बसून त्याने मला हे सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मी त्याला खोडून काढलं नाही. कोवळ्या वयापासून केलेल्या कष्टांचं फळ एका मिनिटात गेलं, तर माणूस तो हिशेब आयुष्यभर मांडणारच. माझं उत्तर मात्र तेच आहे, आणि पुन्हा तीच वेळ आली तर डॉक्टरांना मी तेच सांगेन.

त्यानंतर मी एक गोष्ट ठरवली. लढतीआधी हातांना पट्ट्या बांधून झाल्या की बॉक्सर आणि कोच दोघांनाही समोर बसवून सांगतो, कोपऱ्यात मला जे दिसेल ते मी डॉक्टरांपासून लपवणार नाही, आणि जखम बंद करता येत असेल तर ती बंदच करीन. हे चालणार नसेल तर आत्ताच दुसरा माणूस बघा. दर फेरीनंतर मी बॉक्सरला एक साधा प्रश्न विचारतो, दर वेळी वेगळा, म्हणजे पाठ केलेलं उत्तर चालत नाही. काही कोचनी मला बोलावणं बंद केलं. त्या पोराच्या कोचने केलं नाही. त्याच्याकडे आता दुसरा एक फ्लायवेट आहे, बावीस वर्षांचा, डावखुरा, हाताने फार वेगवान. पुढच्या महिन्यात त्याची पहिली दहा फेऱ्यांची लढत आहे. या वेळी कोचने अट घातली आहे, की वजन तीन महिने आधीपासून उतरवायचं. त्याच्या कोपऱ्यात मीच असणार आहे.