नकाशावरचा ठिपका आणि पत्त्यातले घर

‘मुक्काम पोस्ट अमुक, मारुतीच्या देवळामागे’ एवढ्या पत्त्यावर आमच्या गावी पोस्टमन बिनचूक पोहोचतो. संगणकाला तो पत्ता उलगडत नाही आणि तो तसे कबूलही करत नाही. रुग्णनोंदींतील पत्ते नकाशावर बसवताना मला हे वारंवार जाणवले. घर न सापडल्यास प्रणाली रस्ता शोधते, रस्ताही न मिळाल्यास पिनकोड क्षेत्राचा मध्यबिंदू देते, आणि नकाशावर हे सगळे ठिपके एकसारखे दिसतात.

श्रीराम भिकाजी वेलणकर यांची पिनकोडची योजना १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली, ती टपालाची वर्गवारी सोपी व्हावी म्हणून. देशात सुमारे १९ हजार पिनकोड आहेत. म्हणजे सरासरीने एकेकाच्या वाट्याला १७० चौरस किलोमीटर येतात. जिल्हावार क्षयरुग्ण मोजताना त्याने फारसे बिघडत नाही. वाहनांच्या धुराचा प्रभाव मात्र रस्त्यापासून काहीशे मीटरांतच ओसरतो, त्यामुळे ठिपका तेवढा सरकला तरी हमरस्त्यालगत राहणारे दम्याचे मूल कागदावर स्वच्छ हवेत जाऊन बसते.

अशा चुका सर्वत्र सारख्या विखुरलेल्या असत्या, तर धूर आणि दमा यांचा संबंध बहुधा आहे त्यापेक्षा क्षीण दिसला असता, इतकेच. पण त्या तशा नसतात. सोसायटीतला सदनिका क्रमांक चटकन जुळतो. पाड्यावरचे किंवा झोपडपट्टीतले घर जुळत नाही, आणि न जुळलेल्या नोंदी विश्लेषणातून मुकाट्याने वगळल्या जातात. किती पत्ते जुळले आणि कोणत्या पातळीवर, हे न सांगणारा शोधनिबंध मी तरी साशंकतेनेच वाचतो.

उलट, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या चौथ्या फेरीत गोपनीयतेसाठी नमुनागटांचे, म्हणजे पाहणीसाठी निवडलेल्या वस्त्यांचे, नकाशावरचे बिंदू मुद्दाम हलवले आहेत: शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत, आणि एक टक्का ग्रामीण बिंदू १० किलोमीटरपर्यंत. चूक मोठी आहे, पण तिचे माप ठाऊक असल्याने ती हिशेबात धरता येते.

टपाल खात्याने २०२५ मध्ये आणलेला डिजिपिन हा डिजिटल पत्त्याचा संकेतांक सुमारे चार मीटर बाजूचा चौकोन दाखवतो. तरीही बीडमधला ऊसतोड कामगार दिवाळीनंतर घराला कुलूप लावून कारखान्याच्या फडावर जातो, तेव्हा पुढचे पाच-सहा महिने त्या चौकोनात कोणीच राहत नसते.