तिला घरीच आवडतं

१० मे. रात्री, सगळं आवरल्यावर.

परवा ताईचा फोन आला तेव्हा मी मागच्या दारी होते, दुर्बीण डोळ्याला लावून. फोन यांनी घेतला. तुटक तुटक ऐकू येत होतं. मनाली, जूनचा पहिला आठवडा, सहाजण झाले की गाडी परवडते वगैरे. मग हे म्हणाले, "आम्ही कुठले येतोय ताई, नानांना सोडून? आणि तिला काय, तिला घरीच आवडतं."

रात्री जेवताना आमटी वाढून घेता घेता मला कळवलं, ताई मनालीला चाललीय म्हणून. आपल्यालाही विचारत होती, हे सांगायचं राहिलं असेल. किंवा सांगण्यासारखं वाटलं नसेल.

यात खोटं काही नाही, हीच अडचण. मला घरीच आवडतं. विचारलं असतं तर मीही नाहीच म्हटलं असतं, नानांचं कारण पुढे न करता. पण ते 'नाही' माझं होतं. ते परस्पर कुणीतरी देऊन टाकलं.

तेव्हापासून हेच चघळत बसलेय. खरंच आवडतं, की जे हाताशी होतं त्यालाच मी हळूहळू आवड म्हणायला लागले? लग्नाआधी माझा पाय घरात ठरत नसे. मैत्रिणींबरोबर सायकलवरून माहुलीला जायचे, मे महिन्यात कृष्णा-वेण्णेचं पाणी किती आटलंय ते बघायला. तेवढं कारणही पुरायचं. पुढे बँकेच्या परीक्षेचं तसं झालं, मग... ते जाऊ दे.

आज पहाटे किल्ल्यावर जाताना हेच डोक्यात होतं, त्यामुळे मंगळाईचं देऊळ कधी आलं कळलंसुद्धा नाही. औरंगजेबाला हा अजिंक्यतारा घ्यायला १६९९ च्या डिसेंबरपासून १७०० च्या एप्रिलपर्यंत खाली तळ ठोकून बसावं लागलं. आता पहाट झाली की साताऱ्यातल्या यच्चयावत शुगर-बीपीवाल्यांचा दरबार तिथे भरतो. काठीवाले आजोबा नेहमीप्रमाणे "आज उशीर" म्हणाले. मी लवकर गेले तरी ते हेच म्हणतात. वरून एकीकडे सज्जनगड, एकीकडे जरंडेश्वर, समोर यवतेश्वरचा डोंगर, धुरकट. उन्हाळ्यात सगळं करपलेलं, तरी मी दर खेपेला थांबून बघते. सवयीने थांबते की आवडीने, असा प्रश्न आज पहिल्यांदा पडला आणि थांबण्यातली मजाच गेली. याचा मला यांच्यापेक्षा जास्त राग आला.

उतरताना करवंदं घेतली. पानाचा द्रोण, वर मीठ नाही, काही नाही. चीक लागून ओठ चिकटतात आणि साडीवर डाग पडतो तो पडतोच.

आणि तांबट. शेवग्याची ती वाळकी फांदी हे गेल्या पावसाळ्यातच कोयत्याने उतरवणार होते. मी राहू द्या म्हटलं, कारण काही नव्हतं, उगाच. यंदा तीच फांदी त्या जोडीने पसंत केली. चिमणीएवढा पक्षी, अंग हिरवं, कपाळावर लालभडक टिळा, गळा पिवळा. दोघं आळीपाळीने चोच मारायची, भुसा तोंडात धरून बाहेर टाकायची. भोक फांदीच्या खालच्या अंगाला, म्हणजे वळीव आला तरी पाणी आत जायला नको. कुणी शिकवलं असेल? आता आत पिल्लं आहेत. नर-मादी दोघंही भरवतात, आणि लांबून मला तरी नर कोण मादी कोण ते ओळखता येत नाही, त्यामुळे कोण जास्त राबतंय याचा हिशेब लागत नाही. एक प्रकारे बरंच आहे. कोपऱ्यावरच्या उंबरावरून फळं येतात. भर उन्हात बाकीचे पक्षी गप्प झाले की याचं टुक-टुक-टुक सुरू. नानांची दुपारची झोप त्याने उडते आणि ते मला विचारतात, "तुझा ठोकपीर आला का गं?" माझा! जणू मीच फांदीवर आणून बसवलाय.

ही नोंद मी वहीत ठेवते, तारखेसह. कुणाला दाखवायची नाही. धाकट्याने एकदा चाळली आणि म्हणाला, "आई, हे मोबाईलवर टाक की." त्याचा यंदा सुट्टीचा काही पत्ता नाही. असो.

पण आजचा दिवस वेगळा होता, आणि खरं तर मी ते लिहायला बसलेय. शून्य सावली. साताऱ्याला १० मेच्या आसपास सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. नानांनी शाळेत अर्धा जन्म घालवलेला, त्यामुळे त्यांना आठवडाभर आधीपासून उत्साह. शेजारच्या तिन्ही पोरांना वर्दी गेली होती. बारा वाजल्यापासून सगळी अंगणात. नाना खुर्चीवर छत्री धरून, मी पाटावर स्टीलचा उभा पेला आणि नळाच्या पाइपचा तुकडा ठेवला. बारा वाजले तरी सावली होतीच, तेव्हा थोरला म्हणाला, "आजोबा, तुमचं चुकलं." मग नानांना चेव आला. आपलं घड्याळ देशभर एकच, ते साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं. सातारा त्याच्या बराच पश्चिमेला, चौऱ्याहत्तर अंशांवर. म्हणून आपली खरी दुपार अर्ध्या तासाने उशिरा. हे सगळं त्यांनी छत्रीची दांडी हलवत सांगितलं, त्यामुळे छत्रीची सावली पोरांच्या अंगावरून फिरत राहिली.

साडेबाराला पेल्याची सावली आक्रसत आक्रसत पेल्याखालीच गेली. पाइपच्या आत ऊन थेट तळाला टेकलं, बाहेर काळी रेघसुद्धा नाही. पोरं उभी राहून स्वतःच्या पायांकडे बघत होती. धाकटी एकदम घाबरली, "काकू, आपण भूत झालो?" नाना म्हणाले, "आधी पाय बघ, उलटे झालेत का." ती खरंच बघायला लागली. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. किती दिवसांनी.

नाना मग म्हणाले की हा योग वर्षातून दोनदा येतो, पण दुसरा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा आपल्याकडे सूर्याचं तोंड दिसेल तर शपथ. आणि कर्कवृत्ताच्या वर, साडेतेवीस अंशांच्या पलीकडे, तो कधीच येत नाही. दिल्लीला नाही. मी विचारलं, "मनालीला?" म्हणाले, "मनाली बत्तीस अंशांवर. जन्मात नाही."

मला इतकं बरं वाटलं की लाज वाटली.

तर संध्याकाळी मी ताईला फोन लावला. म्हटलं, "मी मनालीला येत नाहीये हं." ती गोंधळली. "अगं, त्यांनी सांगितलं की परवाच." म्हटलं, "त्यांनी त्यांचं सांगितलं, मी माझं सांगतेय." जरा वेळ काही बोलली नाही. ताई आहे ती, तिला कळतं, पण कळल्याचं दाखवत नाही. मग मी सावलीचं सगळं सांगितलं आणि वर ऐकवलं, "तुझ्या मनालीत माणसाची सावली कधीच पायाखाली येत नाही." ती म्हणाली, "अगं बाई, सावलीसाठीच तर चाललोय आम्ही. तू बस उन्हात."

यावर काय बोलणार.

करवंदांचं लोणचं पाठव म्हणाली, गेल्या वर्षी मीठ जास्त झालं होतं हेही सांगायला विसरली नाही. मग दोघी आईच्या लोणच्यावर घसरलो. फोन अर्धा तास चालला.

आवडीचा प्रश्न काही सुटला नाही. मी मनाशी तपासून पाहिलं. समजा उद्या सगळी मोकळीक मिळाली, नाना ठणठणीत, पैसे हातात, तर मी कुठे जाईन? पहिलं मनात आलं की तांबटाची पिल्लं उडेपर्यंत तर नाहीच. म्हणजे आवडच झाली ना? की सवयीला फुटलेले पंख? माहीत नाही. कदाचित दोन्हीतला फरक कळण्याचं वय उलटून गेलं माझं. माहुलीला जाणारी ती मुलगी तरी काय बघायला जायची, आटलेलं पाणी!

हे मघाशी गच्चीवर आले. फोनवरचं त्यांनी ऐकलं असणार, मी मुद्दाम व्हरांड्यातूनच बोलत होते. जरा वेळ कठड्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "दोन दिवस कुठे जायचं का आपण? कोयनेला, नाहीतर गुहागरला? नानांपाशी वन्संना बोलावून घेऊ."

मी म्हटलं, "विचार करून सांगते."

मला यायचंय, हे मला लगेच कळलं होतं. सांगेन शुक्रवारपर्यंत. तोवर वन्सं खरंच येतात का तेही बघायला हवं. मागच्या वेळी हो म्हणाल्या आणि ऐनवेळी त्यांची कंबर धरली.