मातकट टँग आणि ७६ दिवस

ठाण्यातल्या आमच्या पाच फुटी रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या मासे-प्रवाळांच्या टाकीत, दीड वर्षाने हिरव्या केसांसारखं शेवाळ माजलं. दर रविवारी जुन्या टूथब्रशने दगड घासायचे आणि बुधवारपर्यंत पुन्हा तेच. दुकानदार म्हणाला, "टँग टाका साहेब, सगळं साफ करतो." टँग म्हणजे शेवाळ खाणारा समुद्री मासा. मला पिवळा टँग हवा होता, पण २०२१ मध्ये कोर्टाच्या निकालामुळे हवाईहून पकडून येणारे पिवळे टँग बंद झाले आणि भाव कडाडले. म्हणून त्याचाच चुलतभाऊ, स्कोपास टँग आणला. सोंड तशीच पुढे आलेली, रंग मात्र तपकिरी. बायको म्हणाली, "एवढे पैसे मोजून हा मातकट मासा?"

क्वारंटाइन केलं नाही. तासभर टँकचं पाणी थेंब थेंब देऊन, सवय होऊ देऊन सरळ टँकमध्ये सोडला. चूक तिथेच झाली.

चौथ्या दिवशी त्याच्या परांवर मीठ भुरभुरल्यासारखे ठिपके दिसले, दुसऱ्या सकाळी क्लाउनफिशच्या जोडीवरही. हा मरीन इक, माशांच्या कातडीत शिरणाऱ्या परजीवीचा रोग. टँगना तो चटकन धरतो. औषध तांब्याचं, पण तेच तांबं रीफमध्ये घातलं तर प्रवाळ, झिंगे, गोगलगायी सगळेच जातात. म्हणजे मासे बाहेर काढणं आलं, आणि त्यासाठी निम्मे दगड उचलून बादल्यांत. टँगच्या शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पात्यासारखा काटा असतो. तो आधी जाळीत अडकला, मग सोडवताना माझ्या बोटात घुसला. टँगना सर्जनफिशही म्हणतात, ते नाव उगाच पडलेलं नाही.

बाल्कनीत शंभर लिटरची काचेची टाकी मांडली. वाळू नाही, दगड नाही, लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो आणि टी जोड, एक स्पंज फिल्टर. चिलेटेड कॉपर, म्हणजे तेच तांब्याचं औषध, चार दिवसांत चढवत २.५ पीपीएमवर (लिटरमागे मिलिग्रॅम) आणलं आणि तीस दिवस तिथेच ठेवलं. एवढे दिवस का, तर परजीवी माशाच्या कातडीत असतो किंवा तळाशी कवचात असतो तेव्हा तांबं त्याचं काही बिघडवत नाही. कवचातून सुटून नवा मासा शोधत पोहतो, तेवढ्यातच तो मरतो. त्यामुळे मात्रा एक दिवसही खाली जाऊन चालत नाही. दहाव्या दिवशी अमोनिया चढला, घाईने पाणी बदललं आणि नव्या पाण्यात कॉपर घालायचं विसरलो. संध्याकाळच्या टेस्टमध्ये कळलं. दिवस पुन्हा एकपासून मोजायला घेतले.

इकडे मोठा टँक ७६ दिवस बिनमाशांचा. मासा मिळाला नाही की परजीवी उपाशी मरतो. दिवे, पंप, चिलर सगळं चालू आणि आत पोहणारं कोणी नाही. पाहुण्यांना काय सांगणार! झिंग्यांसाठी चिमूटभर खाणं, बाकी काही नाही. आणि माझ्या डोळ्यांदेखत शेवाळ विरळ होत गेलं. पाण्यातलं फॉस्फेट, म्हणजे शेवाळाचं खत, ०.२५ पीपीएमवरून ०.०८ वर आलं. शेवाळाला पोसत होतो तो मीच, दिवसातून तीनदा डबा उघडून.

टँग परत टँकमध्ये आला आणि उरलेल्या लांब केसांकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. ते मी हाताने उपटले. मग बुडख्यांवर जे कोवळं फुटलं, ते मात्र तो दिवसभर टिपत बसला. लांब वाढलेलं त्याला नको असतं, हे दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

आता खाणं निम्म्यावर आणलंय. काचेला क्लिपमध्ये नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या पापडाचा तुकडा लावतो, तेल-मीठ न लावलेला. क्लिपचा काचेला चिकटणारा रबरी सक्शन कप दर दोन दिवसांनी सुटतो आणि अख्खी क्लिप तळाशी जाते. बायको बाही वर सरकवून ती काढते, तेव्हा मातकट (हेच त्याचं नाव पडलंय) तिच्या मनगटाजवळ घिरट्या घालतो. जवळून पाहिलं तर त्या तपकिरी अंगावर फिकट ठिपके आणि बारीक रेघा दिसतात, हे मला तिनेच दाखवलं.

बाल्कनीतली टाकी मोडलेली नाही. सध्या तिच्यात एक छोटा कोल टँग आहे, काचेवरची साय खरवडणाऱ्या जातीतला. आज अठरावा दिवस. पाणी बदलायचंय, आणि बादलीवर मोठ्या अक्षरांत 'कॉपर' लिहून ठेवलंय.