बायबल आहे ना, मग कादंबरी कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मंडळीतल्या भगिनी विचारतात, आमच्या पाळकबाईंनी विचारलं, थोरल्या भावानंही विचारलं : दर गुरुवारी रात्री फोनवर जमून गोष्टींची पुस्तकं कसली वाचता? वेळ आहे तर पवित्र शास्त्र वाचा.

पवित्र शास्त्र मी रोज पहाटे वाचते, त्यात खंड नाही. पण गुरुवारची मी वाट बघते, हेही तितकंच खरं.

आम्ही अकरा जण. मी नगरची, दोघी वसईच्या, एक सर सोलापूरचे, एक बाई म्हापशाच्या. एक मुलगा दुबईत आहे, तो आठला मोकळा होतो म्हणून आपल्याकडचे साडेनऊ ठरले. कुणी उपासनेला जाणारं प्रोटेस्टंट, कुणी मिस्साला जाणारं कॅथलिक. एरवी आम्ही एका बाकावर कधी बसलोच नसतो. एकानं मोठ्यानं वाचायचं, बाकीच्यांनी माइक बंद ठेवायचा. आठ-दहा पानं झाली की बोलायचं.

सुरुवात फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंच्या ख्रिस्तपुराणानं केली, म्हणजे मराठी ओव्यांतल्या ख्रिस्तकथेनं. १६१६ साली गोव्यात, साष्टीतल्या राशोलला छापलेलं, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं. एकटीनं मी ते दोनदा उघडून मिटून ठेवलं होतं. डोळ्यांना अडणारी ओवी कानावर पडली की सुटते, हे मला गटात कळलं. स्वर्गाला तिथं ‘वैकुंठ’ म्हटलंय. सरांना ते फार खटकलं. वसईच्या काकू म्हणाल्या, “मग त्या माणसांना दुसऱ्या कुठल्या शब्दात कळलं असतं?” त्या रात्री साडेअकरा वाजले.

मग बाबा पदमनजींची यमुनापर्यटन, १८५७ सालची. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून पुष्कळ जण तिचं नाव घेतात. कादंबरी म्हणून ती सगळीकडे जमलेली नाही, असं माझं मत आहे. माणसं मधेच प्रवचन देऊ लागतात. पण विधवांच्या हकिकती येतात तिथं लेखणी थरथरते. त्या दिवशी वाचायची पाळी आमच्यातल्या निवृत्त सिस्टरची होती. केशवपनाचा मजकूर आला आणि त्या थांबल्या. आम्हाला वाटलं, नेटवर्क गेलं. मग कुणाच्या तरी घरातला पंखा ऐकू आला, म्हणजे लाइन चालू होती. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, “माझ्या पणजीचा डोक्यावरचा पदर मी लहानपणी एकदा ओढला होता.” एवढंच. मग पुढं वाचू लागल्या.

पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मला स्मृतिचित्रे वाचताना मिळालं. लक्ष्मीबाई टिळकांचं हे आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी आलं. ते आमच्या घरात होतंच, आई त्यातले विनोदी प्रसंग सांगायची. त्यांच्या पतीचा, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा, बाप्तिस्मा १८९५ साली झाला, लक्ष्मीबाईंचा १९०० साली. चर्चमध्ये साक्ष ऐकतो तेव्हा ती बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची असते. त्याला काय सापडलं, हे तो सांगतो आणि आपण आमेन म्हणतो. इथं मधल्या पाच वर्षांची हकिकत मागे राहिलेली बाई सांगते. पोराला घेऊन नातलगांच्या आधारानं राहिलेली, नवऱ्यावर जीव असलेली आणि त्याच्यावर भयंकर रागावलेली. टिळकांकडे परतल्यावरही लगेच ख्रिस्ती न होता आपलं सोवळं सांभाळणारी.

आमच्या गटात एक ताई आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांनी बाप्तिस्मा घेतला, घरात त्या एकट्याच चर्चला जातात. दर प्रार्थनासभेत त्या नवऱ्यासाठी प्रार्थना मागतात, आणि आम्हीही ‘प्रभू, त्यांचं मन मऊ कर’ म्हणतो. हा भाग झाला त्या गुरुवारी त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, “इतकी वर्षं मी स्वतःला लक्ष्मीबाई समजत होते. पण आमच्या घरात टिळक मी आहे. निघून गेल्यासारखी मीच वागले. ह्यांना काय झालं असेल, ते मी कधी विचारलंच नाही.”

प्रार्थनासभेत हे वाक्य कुणाच्या तोंडून आलं नसतं. माझ्या तर नाहीच. मीसुद्धा त्यांच्या नवऱ्याचं मन मऊ व्हावं म्हणूनच हात जोडत होते. उपदेश ऐकताना मी माझ्या जागेवरून हलत नाही. गोष्टीत मला दुसऱ्याच्या घरात, त्याच्या चुलीपाशी जाऊन बसावं लागतं. येशूनं घर सोडून गेलेल्या आणि परत आलेल्या उधळ्या पुत्राची गोष्ट सांगितली तेव्हा घरी राहिलेल्या थोरल्या मुलाचा रागही सांगितला, तो गाळला नाही. माझ्या भावाला मी हेच सांगितलं.

आता ख्रिस्तायन घेतलंय, येशूच्या चरित्रावरचं महाकाव्य. टिळक जेमतेम दहा-अकरा अध्याय लिहून १९१९ साली गेले, पुढचं लक्ष्मीबाईंनी लिहिलं. त्यांचा हात जिथून सुरू होतो तिथून आपण वाचणार, असं ताईंनी आधीच सांगून ठेवलंय. एरवी फोनवर त्यांच्या घरातला टीव्ही ऐकू यायचा, मागच्या गुरुवारी तो बंद होता.