सीजे-3बी : चासीचे कर्ण
जीप तिरकी चालते हे मला टायरवाल्यानं नाही, काळ्या मातीनं सांगितलं. पाऊस उघडल्यावर शेताकडच्या पांदणीतून सरळ गेलो, उतरून मागं बघितलं, तर मागच्या चाकाचा ठसा पुढच्यापेक्षा दोन सेंटिमीटर बाजूला. तोवर दोनदा अलाइनमेंटला पैसे घातले होते.

आधी पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) सेंटर बोल्ट पाहिले. ते तुटले की अ‍ॅक्सल सरकतो. शाबूत निघाले. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमधलं अंतर, दोन्हीकडं 80 इंच, म्हणजे 2032 मिमी. इथंच फसलो. चासीच्या (गाडीच्या सांगाड्याच्या) दोन लांब पट्ट्यांपैकी एक जशीच्या तशी मागं ढकलली गेली असेल, तर दोन्ही बाजूंची मापं बरोबरच येतात. आयताचा समांतरभुज झालेला असतो आणि तो दिसतो फक्त कर्णात.

मग बॉडी, इंजिन उतरवलं. गवंड्याकडून ओळंबा आणि पाण्याची नळी मागून आणली (त्यानं विचारलं, घर बांधताय का?). पाट्यांच्या ब्रॅकेटवरून ओळंबा सोडून फरशीवर खडूच्या खुणा केल्या. एक कर्ण दुसऱ्याहून 15 मिमी मोठा! म्हणजे एक पट्टी साधारण 8 मिमी मागं. नळीनं पीळही तपासला. तो नव्हता, नाहीतर हे काम अंगावर घेतलंच नसतं.

सांध्यांवर रॉकेल फिरवून पुसलं आणि खडूची पूड मारली. थोड्या वेळानं पुडीत ओली रेघ उमटली. तडा. टोकाला 3 मिमीचं भोक पाडून तो थांबवला. वेल्डिंग आधी केलं असतं तर वाकडेपणाच पक्का झाला असता.

ओढायचं काम जालना-अंबड रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्या बनवणाऱ्या काकांच्या शेडमध्ये. लांब कर्णावर साखळी, आखूड कर्णात पाइप लावून जॅक. मी गॅस मारायला निघालो होतो. काका म्हणाले, "गरम केलं की पट्टी तिथंच मऊ पडती. पुढच्या खड्ड्यात परत वाकंल." थंडच ओढली.

लोखंड मात्र हट्टी. फरक शून्यावर आणून जॅक सोडला, तर परत 11. दुसऱ्या दिवशी शून्याच्या पलीकडं नेलं, ताण असतानाच सांध्यांवर हातोड्याचे ठोके दिले, सोडलं, 7. तिसऱ्या संध्याकाळी 3 वर थांबलो. अजून ओढायचा मोह होता, पण काकांनी साखळीच काढून ठेवली.

तडा आता वेल्ड झालाय. चार ढिले रिव्हेट काढलेत. तिथं भोकं रीमरनं साफ करून हाय-टेन्साइल बोल्ट टाकावेत, असा विचार आहे. कुणी गरम रिव्हेट मारून घेतले असतील, तर कुठं ते सांगा. पाटे चढवून कर्ण पुन्हा मोजले की मापं टाकतो.